जुनी कापडं

माझा चुलता, तात्या, मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात. दिवाळीला त्याची जुनी पॅन्ट माझी व्हायची. गावचा शिंपी ती उसवून, कापड उलटून शिवायचा. विटका रंग आत जायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तात्या गावी आला तो कायमचाच. मग मी कराडच्या बाजारात जुन्या कापडांचे ढीग चाळायला लागलो. शहरातल्या बोहारणी भांड्यांवर घेतलेले कपडे धुवून, टाके घालून असे विकायला येतात. मी आधी काख बघायचो, मग पॅन्टीची बैठक. तिथं विरलं असलं की सोडायचं. बटण नसलं तरी चालतं. माप मोठं घ्यावं; आवळता येतं, वाढवता येत नाही.

शर्ट, पॅन्ट दुसऱ्याचं चालतं, टोपी मात्र नवीच. दुसऱ्याची टोपी कोण घालून घेईल!

एकदा पांढरा शर्ट आणला. तात्यानं बाही चिमटीत धरून उजेडात बघितली.

"वीण झ्याक हाय. साचा चांगला चालवलाय कुणीतरी."

अन् बाही काही लवकर सोडली नाही.