नरडाण्याहून वेळासला

आम्हा नरडाणेकरांना कासव ठाऊक ते विहिरीतले. समुद्रातले पाहावे म्हणून मार्चमध्ये आम्ही तीन घरची माणसे भाकरी-ठेचा बांधून निघालो. मुंबई, महाड, मंडणगड करीत रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गाठले.

येथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री वाळूत शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे व कोल्हे नेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांच्या साथीने ती कुंपणात जपली. आता पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून गावातील घरांना चार पैसे मिळतात.

अंडी उबायला सुमारे पन्नास दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर निपजतात.

सकाळी टोपली उचलली. तळहाताहून लहान पिल्ले पाण्याकडे निघाली. आमच्या धाकटीने हात पुढे केला. तेथील कार्यकर्ते म्हणाले, "बाळा, त्याला स्वतः चालू दे." लाटेने एकाला तीनदा मागे लोटले; चौथ्यांदा ते गेले. आमचे डोळे भरून आले.

उष्ण समुद्रातले हिरवे कासव याहून मोठे. मोठेपणी ते समुद्रगवतावर जगते. पण दोघांच्याही पोटात प्लास्टिक जाते. आमच्या भागातले पाणी तापीतून याच अरबी समुद्राला मिळते. परतताना धाकटीने खाऊची रिकामी पिशवी खिडकीबाहेर टाकली नाही, नरडाण्यापर्यंत मुठीत धरून आणली.