७४६ मतांचा हिशेब



शिरूर-दौंडच्या वस्त्यांत बैठकीला गेलो की एक वाक्य मला हमखास ऐकावं लागतं : "सीट राखीव नाही, आपल्या हातात काय आहे?" खरंच आहे. पुणे जिल्ह्यात विधानसभेचे २१ मतदारसंघ. राखीव दोनच, पिंपरी आणि पुणे कॅन्टोन्मेंट. दोन्ही शहरी.

पण आमदार राहुल कुल यांची कारकीर्द बघा. वडील सुभाष कुल, आई रंजना कुल, दोघंही दौंडचे आमदार. तरी २००९ ला राहुल हरले. २०१४ ला राष्ट्रीय समाज पक्षाकडून जिंकले, २०१९ आणि २०२४ ला भाजपकडून. २०१९ ला फरक किती? फक्त ७४६ मतं!

म्हणजे घराणं, पक्ष, साखर कारखाना सगळं असूनही निकाल दोन-तीन वस्त्यांच्या हातात होता. ती ताकद आपण समाजमंदिराच्या पत्र्यावर का विकायची? १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. आमदाराचं खरं काम ते. म्हणून कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की विचारा : गायरानाच्या प्रश्नावर सभागृहात काय बोललात? अनुसूचित जातींचा निधी वस्तीत किती आला?

उत्तर नाही, तर मत नाही.