माणसांच्या उबेवर

आमच्या पनवेलची थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर आणायचा आणि गोधडी पायांवर ओढायची. जानेवारीत लेकीकडे जर्मनीत हायडेलबर्गला निघाले तेव्हा बॅगेत निम्मे कपडे लोकरीचेच होते. तिचं घर बानश्टाटमध्ये. मालगाड्यांच्या जुन्या यार्डावर वसवलेली ही ११६ हेक्टरांची वस्ती ‘पॅसिव्ह हाउस’ मानकाने बांधली आहे. घर गरम ठेवायला चौरस मीटरमागे वर्षाला १५ युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा लागू नये, असा त्याचा दंडक. बाहेर उणे पाच आणि मी घरात सुती साडीत वावरत होते.

भिंतींना बाहेरून जाड अस्तर, खिडक्यांना तिहेरी काचा. दिवेलागणीला निरांजन खिडकीपाशी ठेवलं, तर काचेत एकामागे एक ज्योती दिसल्या, काहींचा रंग निराळा. काचेवर धातूचा अगदी पातळ थर असतो, तो घरातली उष्णता आत परतवतो. रंग त्याचाच, असं जावयांनी सांगितलं.

मला धास्ती कोंदटपणाची होती. खिडक्या सताड उघड्या टाकून जगणारी माणसं आपण. पण छताजवळच्या जाळीतून ताजी हवा सतत येत होती. बाहेर पडणारी हवा जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देते, तरी दोन्ही मिसळत नाहीत. फोडणीचा वाससुद्धा घरात रेंगाळला नाही.

संक्रांतीला लेकीने दहा-बारा जणांना तिळगुळाला बोलावलं. तव्यावर गुळपोळ्या, गप्पांना ऊत, आणि रेडिएटर आपोआप गार! नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता देतो. तिच्या ८० चौरस मीटरच्या घराला कडाक्याच्या थंडीतही ८०० वॉट पुरतात. शेवटी खिडकी उघडावी लागली.

इथे पनवेलला एप्रिलात आमची पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते. वरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. आपल्याला उष्णता बाहेर अडवायची आहे, एवढाच फरक. भिंती-खिडक्यांतून ती किती आत यावी, याची मर्यादा २०१८च्या ‘इको निवास संहिते’त घातलेली आहे. पनवेल-उलव्यात टॉवरमागून टॉवर उठताहेत. घर घेताना लोक मॉड्युलर किचन बघतात, भिंतीचं कुणी विचारत नाही. विचारायला हवं. सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी मी दोन विषय लेखी दिले आहेत: गच्चीवर पांढरं चायना मोझॅक आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून छज्जे.