वासरकुप्पेच्या माथ्यावर

जर्मनींतील ऱ्होन प्रदेशांत वासरकुप्पे नांवाचा ९५० मीटर उंचीचा गवताळ डोंगर आहे. १९२० सालीं येथें इंजिनविरहित विमानांच्या स्पर्धा सुरू झाल्या. हल्लीं बिनतारी यंत्रानें चालविलेलीं लहान विमानेंही उडतात. आम्ही गेलों तेव्हां एक आजोबा नातवास विमान उतरविण्यास शिकवीत होते. विमान समोरून येऊं लागलें, कीं डावें-उजवें उलटें होतें. जमीन पाहून नाक वर ओढण्याचा मोह होतो; परंतु वेग सरला, कीं पंखांचा आधार सुटतो आणि खपून केलेलें विमान क्षणांत मोडतें. नातवानें विमान वाऱ्यासमोर धरलें, वेग राखला व गवताशीं येतांच नाक अलगद उचललें. आजोबांचे हात पाठीमागेंच होते. ते पुढें न करणें हीच शिकविणाराची खरी कसोटी, असें आम्हांस वाटलें.