फोर्कचं भांडण

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर गेले सगळे रविवार गॅरेजमध्ये गेले. नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना 'फोर्कचं भांडण' एवढं म्हटलं की पुरे. बाकीच्यांसाठी थोडं मागून सांगतो.

शिक्रापूरला आमच्या घरी एके काळी दोन राजदूत होत्या. एक नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, 1974 ची. दुसरी तात्यांची, म्हणजे धाकट्या चुलत्यांची, बरीच नवी. आवाज तोच, मागे निळा धूर तोच. फरक होता पुढे. राजदूत ही मुळात पोलंडची एसएचएल एम-11. एस्कॉर्ट्सने तिचा परवाना घेऊन साठच्या दशकात ती इथे बनवायला घेतली, आणि तिचा पुढचा फोर्कही तसाच आला. आपण नेहमी बघतो तशा एकात एक सरकणाऱ्या नळ्या त्याला नाहीत. चाक एका आडव्या पाळण्यात बसवलेलं, पाळणा चाकाच्या मागे बुशवर झुलतो, आणि दोन बाजूंना दोन छोटे शॉकअॅब्सॉर्बर. याला अर्ल्स फोर्क म्हणतात. बीएमडब्ल्यूनेसुद्धा 1955 पासून बरीच वर्षं हाच प्रकार वापरला. (हे मला आत्ता कळलं. लहानपणी कळलं असतं तर शाळेत केवढा भाव खाल्ला असता!)

याची एक गंमत आहे. नळ्यांच्या फोर्कवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. नानांची गाडी उलट नाक वर करायची. हौदाजवळ ब्रेक मारला की बैल मान उचलतो तशी उठायची, आणि टाकीवर बसलेला मी मागे नानांच्या पोटावर.

तर नानांचा धंदा दुधाचा. मागे दोन बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन, वेळ नदीकडच्या वस्त्यांवरून डेअरीपर्यंत. रस्ता कसला, चाकोरीच. त्या पाळण्याच्या बुशना ग्रीस लागतं आणि चिखल मुळीच चालत नाही. इथे ग्रीस महिन्यातून एकदा आणि चिखल रोज. बुश खाल्ले गेले, भरल्या गाडीचं हँडल थरथरायला लागलं, आणि एकदा दूध सांडलं. तात्या सणसवाडीला कंपनीत लेथवर होते, जाणं-येणं नगर रोडच्या डांबरावरून. त्यांच्या गाडीला नळ्यांचा नवा फोर्क. 1992 च्या दिवाळीत तेच म्हणाले, "नाना, माझा पुढचा भाग तुम्ही घ्या. तुमचा मी घेतो, बुश काढीन लेथवर." अंगणातच अदलाबदल झाली. हेडलाइट, मडगार्ड, चाक, सगळं फोर्कबरोबर इकडून तिकडे. मी गोळ्या धरायला थाळी घेऊन बसलो होतो.

1997 ला वाटण्या झाल्या. रोडलगतच्या तुकड्यावरून शब्दाला शब्द लागला आणि तात्या म्हणाले, "माझा फोर्क आधी द्या." नाना म्हणाले, "उद्याचं दूध काय डोक्यावरून नेऊ?" दोन एकराची गोष्ट कुणी तोंडाने काढायची नाही, सगळी फोर्कवरच काढायची! लग्नाकार्यात पाठ फिरवून बसणं सुरू झालं ते तात्या 2016 ला गेले तोपर्यंत. नाना अंत्यविधीला गेले, बोलले कुणाशीच नाहीत.

मागच्या वर्षी चुलतभावाचा अचानक फोन आला. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नानांच्या गाडीला पन्नास झाली, "तर तिचं मूळचं तिला द्यावं म्हणतो." खरं सांगायचं तर नियमात बोलणं आहे ते चासी, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांचं. आणि तशी नोंदवलेली गाडी रोज रस्त्यावर वापरताही येत नाही. पण मी काही बोललो नाही. निमित्त त्याने काढलं होतं, मी कशाला मोडू?

दोन्ही गाड्या टेम्पोत घालून चाकण चौकाच्या गर्दीतून गॅरेजला नेल्या. मिस्त्रींनी आधी मेन स्टँडवर लावून फोर्क खालून धरला आणि मागेपुढे हलवला. दोन्हीकडे कट्कट्. उघडल्यावर कारण दिसलं. फोर्क काढताना दांड्यावरचा कोन त्याच्याबरोबर जातो, पण चासीत ठोकलेली वाटी तिथेच राहते. म्हणजे 1992 पासून वाटी एका गाडीची आणि कोन दुसरीचा. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, हे एकमेकांवर घासून बसलेत. आता फिरवलं की जास्त वाजणार." शेवटी नाना पेठेतून दोन नवे कोनसेट आणले. नट किती आवळायचा याचं मिस्त्रींचं माप साधं आहे: चाक उचलून हँडल मधोमध सोडायचं, ते आपल्या वजनाने दोन्हीकडे पडलं पाहिजे, आणि फोर्क हलता कामा नये.

जुन्या फोर्कचा पाळणा सुटला तेव्हा आतून पितळी बुश निघाले. तात्यांनी काढलेले. कडा मारलेल्या, आत ग्रीससाठी बारीक खाच कोरलेली, इतक्या वर्षांनी जेमतेम झिजलेले. नाना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी एक बुश मागून घेतला, बनियनला पुसला, खाचेत नख फिरवलं. बराच वेळ. मग चुलतभावाला म्हणाले, "खाच पाडलेली मला सांगितली नव्हती त्याने."

मिस्त्री नवे बुश बनवून घेऊ म्हणत होते. नानांनी नको सांगितलं. हेच परत घाला.

गाडी जोडून झाली. नाना आता ब्याऐंशीचे, किक त्यांना झेपत नाही. चुलतभाऊ पुढे आणि ते मागे असे चौकापर्यंत जाऊन आले. गॅरेजसमोर त्याने पुढचा ब्रेक दाबला आणि गाडीने नाक वर केलं. तो दचकला, कारण बापाच्या गाडीला इतकी वर्षं तोच फोर्क असूनही त्याने ती कधी चालवली नव्हती. नाना मागून हसले. "दाब रे, दाब, पडत नाही."

(काकू, तुम्ही वाचत असाल तर: तुमच्याकडे ठेवलेलं जुनं मडगार्ड सापडलं का ते कळवा.)

चुलतभावाच्या गाडीचं हँडल अजून किंचित डावीकडे ओढतंय. नळी कुठेतरी वाकलेली असणार, चाळीस लिटर ओढून. पुढच्या रविवारी परत उघडणार आहोत. नाना येतो म्हणालेत.