आमची बुलेट आणि मामांची राजदूत

आमच्या हट्ट्याच्या स्टँडवरील हॉटेलात पावसाची, हळदीच्या भावाची आणि निवडणुकीची चर्चा संपली, की पुढचा विषय ठरलेला असे : अण्णांची बुलेट थोर की मामांची राजदूत? अण्णा म्हणजे माझे वडील. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. राहणार परभणीचा, परंतु दर रविवारी हट्ट्यात हजर. आपल्या येण्याची वर्दी त्यांना कधी द्यावी लागली नाही. झिरो फाट्याच्या बाजूने दोन सायलेन्सरांचा चिरका आवाज आला, की आई चहाचे आधण वाढवी.

"काय दाजी, म्हैस धुतली का आज?" गाडीवरून उतरण्यापूर्वीच मामा विचारीत.

"धुतली की. तुमचं शिंगरू पाणी पिऊन आलं का?" अण्णा म्हणत. पाणी म्हणजे पेट्रोल. मामांच्या गाडीची तहान साऱ्या गावाला ठाऊक होती.

गंमत अशी, की कागदावर दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच. बुलेटचे इंजिन 346 सी.सी.चे, राजदूतचे 347 सी.सी.चे. परंतु बुलेटची ताकद सुमारे 18 अश्वशक्ती आणि राजदूतची सुमारे 30! एका सी.सी.च्या फरकाने हे बारा घोडे आले कोठून, हा प्रश्न मला नववीत पडला आणि त्यापायी माझे गणिताचे कितीतरी तास वाया गेले. उत्तर अखेर गावातल्या मिस्त्रीने दिले. बुलेटला सिलिंडर एकच. त्याची रुंदी 70 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 90 मिलिमीटर. एवढा लांब पल्ला तो जड पिस्टन घाईने कसा मारणार? त्यात ते फोर स्ट्रोक. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडायची. राजदूतला सिलिंडर दोन, रुंदी 64, धाव फक्त 54 आणि टू स्ट्रोक. म्हणजे प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरात स्फोट. घोडे आले ते इथून. मात्र ते घोडे इंजिन भरपूर फिरल्याशिवाय जागे होत नाहीत. बुलेटचा जोर उलट अगदी खालीच असतो, माणूस चालतो त्या वेगालाही.

मी हे सारे मोठ्या ऐटीत अण्णांना समजावून सांगितले. ते म्हणाले, "त्यात काय, लाल कंधारी नांगराला आन् खिल्लार पटाला." शंकरपटावर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी परत मिळाली, या मधल्या काळातही अण्णांची सगळी तुलना बैलांतच चाले. बुलेट ते 'आपली' म्हणत आणि राजदूत 'विलायती'. वास्तविक बुलेट मूळची इंग्लंडची, 1955 पासून मद्रासला बनू लागलेली. आणि राजदूत 350 म्हणजे जपानच्या यामाहाची आर. डी. 350, एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली आपल्याकडे आणलेली. जन्माने दोघीही परक्याच. परंतु जी सावकाश चालते आणि फार खात नाही, तिला आपल्याकडे लवकर घरचे मानतात, असे मला वाटते.

आता 2016 च्या खांदमळणीच्या रात्रीची हकीकत सांगितलीच पाहिजे. आम्ही आखाड्यावर होतो. पोळ्यासाठी मामाही आलेले. पण पांदणीतला चिखल पाहून त्यांनी गाडी डांबरी रस्त्यावर ओळखीच्या दुकानापाशी लावली होती आणि चप्पल हातात घेऊन चालत आले होते. रात्री दहाच्या सुमारास आजीच्या छातीत कळ आली. तिला दरदरून घाम फुटला. बाहेर पाऊस, मोबाइलला रेंज नाही आणि काळ्या मातीची पांदण.

अण्णांनी बुलेट काढली. ॲमीटरचा काटा मधोमध आणायचा, डाव्या हाताचा खटका दाबून पिस्टन मोकळा करायचा आणि मगच किक मारायची, हा सारा विधी त्यांनी त्या रात्रीही शांतपणे केला. मी बॅटरी धरून उभा होतो आणि मनातून त्यांच्यावर चिडत होतो. दुसऱ्या किकला गाडी बोलली. पुढे अण्णा, मध्ये आजी, मागे तिला धरून आई. मामा आणि मी पायी. गाडी कडेच्या गवतावरून धक् धक् करीत निघाली. एकदाही तिचा आवाज चढला नाही, की चाक जागच्या जागी फिरले नाही. मामा वाटेत एक शब्द बोलले नाहीत.

डांबरीवर येताच मात्र ते पुढे झाले. "आता माझ्याकडं द्या. तुमच्यानं परभणीला उजाडंल." अण्णांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि स्वतःच आजीला उचलून राजदूतवर बसवले. आई पुन्हा मागे. पाहता पाहता मागचा लाल दिवा दिसेनासा झाला. मी अण्णांच्या पाठीमागे बसलो. ही गाडी इतकी हळू आहे हे मला त्या रात्री प्रथम कळले.

झिरो फाट्याला पोचलो तर राजदूत रस्त्याच्या कडेला उभी! पेट्रोल संपले होते. मामांनी सणाच्या गडबडीत टाकी पाहिलीच नव्हती. आजीला एका काळी-पिवळीत चढवले जात होते. जीपवाल्याने तिला परभणीच्या दवाखान्यात नेले, पैसेही घेतले नाहीत. वेळेत आणले, असे डॉक्टर म्हणाले.

आजी घरी आल्यावर नवा खटला उभा राहिला. पांदणीतून बुलेटने काढले नसते तर? आणि फाट्यापर्यंत राजदूतने इतक्या लवकर नेले नसते, तर ती जीप सापडली असती का? हॉटेलात दोन तट पडले. आजीला साक्षीला बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "मला त्या जीपवाल्यानं नेलं. तुमच्या दोन्ही गाड्यांनी नुस्ती कंबर मोडली."

गेल्या वर्षी वाचनात आले, की असाच खटला अमेरिकेत 1964 साली उभा राहिला होता. त्या वर्षी पाँटिॲक कंपनीने साध्या मध्यम आकाराच्या मोटारीत 389 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे, दांडगे इंजिन बसवले. पुढे ज्यांना 'मसल कार' म्हणू लागले त्या मोटारींच्या आरंभी हिचे नाव घेतात. आणि नाव ठेवले काय, तर 'जी. टी. ओ.', इटलीच्या फेरारीच्या शर्यतीच्या गाडीवरून सरळ उचललेले! फेरारीचे इंजिन निम्म्याहून लहान, 3 लिटरचे, पण बारा सिलिंडरांचे. ताकद तरी जवळपास तेवढीच, सुमारे 300 अश्वशक्ती. त्या गाड्या जगात चाळीससुद्धा बनल्या नाहीत. पाँटिॲक पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपली. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मार्च 1964 च्या अंकात दोघींची तुलना छापली आणि ती फार गाजली. प्रत्यक्षात तुलनेसाठी फेरारी त्यांना मिळालीच नव्हती. दोघी एका रस्त्यावर एकत्र धावल्याच नाहीत. हे वाचून मला आमचे हॉटेल आठवले. कारण इतकी वर्षे वाद झाला, पण बुलेट आणि राजदूत यांची शर्यत हट्ट्यात कधीही लागली नाही. दरवर्षी पोळ्यानंतर लावू, असे ठरे.

2021 च्या मे महिन्यात अण्णांना कोरोना झाला. सतरा दिवस ते दवाखान्यात होते. पैसे कुठून येत होते हे मला त्या वेळी कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अण्णा परत आले नाहीत. चौदाव्याला मामा एस.टी.ने आले. मी सहज विचारले, "गाडी कुठं आहे?" मामा म्हणाले, "दिली." पुण्याच्या एका शौकिनाने नेली होती. सव्वा लाखाला, हे पुढे आईकडून कळले; आणि तो सव्वा लाख कोणत्या खिडकीवर भरला, तेही.

बुलेट अजून गोठ्याशेजारी उभी आहे. माझ्या शिक्षणासाठी ती विकावी, असे आई अधूनमधून म्हणते. नांदेडचे एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मामा नेमके घरी होते आणि दोन्ही वेळा त्यांनी अशी काही किंमत सांगितली, की गिऱ्हाईक चहा न घेताच उठले.

रविवारी मामा हल्ली स्कूटीवर येतात. तिचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून आईचा चहा मागे पडतो. मागच्या रविवारी त्यांनी बुलेटची किल्ली मागितली. काट्याचा आणि खटक्याचा विधी त्यांना येत नव्हता, मी दाखवला. पाचव्या किकला गाडी सुरू झाली. झिरो फाट्यापर्यंत जाऊन ते परत आले आणि उतरून बराच वेळ मनगट चोळीत उभे राहिले.

"कशी वाटली?" मी विचारले.

"लई जड आहे रे म्हैस," मामा म्हणाले, "आन् टाकीत पेट्रोल कमी आहे. भरून ठेव."