शेळगावचं शेततळं

बारामतीहून इंदापूरकडे जाणारी एसटी भवानीनगरचा साखर कारखाना मागे टाकते, मग लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे आणि त्यापुढे शेळगाव. आणखी पुढे गेलं की पानमळ्यांचं निमगाव केतकी. माझी थोरली बहीण शेळगावात दिली आहे. त्यामुळे दर उन्हाळ्याच्या सुट्टीतले आठ दिवस मी आपाकडे असते.

या भागात सगळ्या गप्पा पाण्याच्या. पाऊस बेताचाच. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की ऊस हसतो, लांबलं की माणसं आभाळाकडे बघतात. म्हणून अनेकांनी शेततळी घेतली. आपाच्या घरच्यांनीही डाळिंबासाठी घेतलं आहे. चारी बाजूंनी उताराचा खोल खड्डा आणि पाणी मुरू नये म्हणून त्यावर अंथरलेला प्लास्टिकचा काळा कागद. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, दगडाची कपार असते, हाताला काहीतरी लागतं. शेततळ्यात चांगला पोहणाराही काठापर्यंत येतो आणि तिथेच घसरत राहतो.

२०२४ च्या मे महिन्यात मी तिथेच होते. २१ तारखेला उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. कळाशी आमच्याच तालुक्यातलं. घरोघरी तोच विषय होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, अस्रच्या नमाजनंतर, आम्ही शेतावर गेलो. मी तळ्यापासून दहा पावलांवर उभी होते, फोनवर बोलत. भाचा नऊ वर्षांचा. त्याचा चेंडू कुंपणाच्या आत गेला आणि तो मागे गेला.

आवाज झालाच नाही. हे मला अजून पटत नाही. मी बघितलं तेव्हा तो पाण्यात होता. डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात पाणी खाली दाबल्यासारखे. क्षणभर मला वाटलं, खेळतोय. मग मी चप्पल काढून धावले. मला पोहता येत नाही, हे त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

"उतरू नकोस बेटी!" आपाचे सासरे ओरडले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. "तू गेलीस तर दोघांना काढावं लागेल!" काठावर पाण्याचा एक काळा पाइप पडला होता. चाचा काठावर पालथे झोपले, आपाने आणि मी त्यांचे पाय धरले आणि त्यांनी पाइपचं टोक मुलाच्या हाताला लावलं. त्याने ते धरलं. अल्हम्दुलिल्लाह. पाणी छातीत गेलेलं असलं तर त्रास नंतरही होतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गोव्याला गेलो. कळंगुटच्या किनाऱ्यावर मी मुलांपेक्षा जीवरक्षकाकडेच जास्त बघत होते. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर असे प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. मला वाटायचं, जीवरक्षक म्हणजे उडी मारणारा. हा माणूस तासभर उडी न मारता उभा होता. पाण्याकडे पाठ नाही, कुणाशी गप्पा नाहीत, नजर सारखी इकडून तिकडे. कुणी खोल गेलं की शिट्टी. त्याची बदली आली तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, "शिट्टी वेळेवर वाजली तर उडी मारावी लागत नाही. आणि मारायचीच झाली तर हातात तरंगणारी वस्तू घेऊनच." बुडणारा माणूस हात हलवून हाका मारत नाही, हेही त्याने सांगितलं. ते मला आता सांगायची गरज नव्हती.

मुरुडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ ला सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी बुडाले, मुली त्यात जास्त होत्या. सहलीच्या अर्जावर सही करताना आजही माझा हात थांबतो. बुडून गेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे, असं आपल्याकडे मय्यतीच्या घरी सांगतात. आईला त्याचा आधार होतो, मी पाहिलं आहे. पण शेततळ्याचं फाटक उघडं टाकणाऱ्याने त्या आधारामागे लपू नये.

शेळगावात कोण जीवरक्षक ठेवणार? हे मी चाचांना म्हटलं तर ते हसले. तरुणपणी गल्लीतली सगळी पोरं त्यांनी विहिरीत पोहायला शिकवली. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा. दोराचं टोक हातात घेऊन ते काठावर बसत, तंबाखूसुद्धा मळत नसत. "पोरं मोजायची," ते म्हणाले, "सारखी मोजायची."

आता तळ्याच्या फाटकाला कुलूप आहे. चारी बाजूंना खांब रोवून गाठी मारलेले दोर पाण्यात सोडले आहेत. एक हवा भरलेली ट्यूब आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरासकट टांगलेला असतो. गावात अजून बुडालेल्याला उलटं धरतात, पोट दाबतात. त्यात वेळ जातो. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्या कुणीतरी तोवर १०८ ला फोन लावायचा. हे मी वर्गात उशीवर करून दाखवते. मुलं हसतात, पण करतात.

या वर्षी भाचीने हट्ट धरला, मलाही पोहायचंय. आपा आधी नाहीच म्हणत होती. शेवटी फज्रनंतर, विहिरीवर कुणी नसताना, जायचं ठरलं. सलवार-कमीज, कमरेला दोर, भोपळ्याच्या जागी प्लास्टिकचा कॅन. दोर चाचांच्या हातात. पाणी थंड होतं, ती किंचाळली, मग हसली. शेजारच्या दोन मुलीही आल्या होत्या. मी पायरीवर बसले होते. फोन घरीच ठेवला होता. एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन.